दादाची नवी हत्यारं

“आक्का, ही कितवी?”

रंजना भाकरी थापता थापता खिडकीतून परसात बघत होती. तिथं कडुलिंबाखाली दादा बसला होता. पायाच्या अंगठ्याखाली लोखंडाची पट्टी दाबून धरलेली आणि वर कानस चाललेली. खर्र, खर्र. पितृपक्षातली कोरडी दुपार, त्या आवाजानं दातांत कळ जात होती.

“कितवी का असंना,” मी म्हणाले. “मी दुकानाचा हिशेब ठेवते, परसाचा नाही.”

“मी ठेवलाय,” रंजना म्हणाली आणि तव्यावरची भाकरी अशी उलटली, जणू सगळा गुन्हा भाकरीचाच असावा.

रंजना माझी धाकटी भावजय. तिच्या खात्यात जमेला पुष्कळ होतं. हात चलाख, पोटात पाप नाही, दोन्ही पोरींना शाळेत घालायला घरात भांडलेली. नावेच्या बाजूला एकच. जे दिसेल त्याचा अर्थ ती जागच्या जागी लावायची, आणि एकदा लावलेला अर्थ पुसायची नाही. त्या दुपारी तिनं जो अर्थ लावला होता, तोच मीही लावला होता. ती बोलून दाखवत होती आणि मी तांदूळ निवडत होते, एवढाच फरक.

आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यासाठी तोंड शिवून बसले, त्या पोरी आज स्वतः सासवा झाल्यात.

आमचं दुकान बार्शीच्या पेठेत. पुढं विकायची जागा, मध्ये कामाची खोली, मागं घर. चामड्याच्या बॅगा हातानं शिवायच्या. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, तलाठ्यांची दप्तरं, एखाद्या हौशी बापानं लेकीच्या लग्नात द्यायला सांगितलेली सूटकेस. रेक्झिन आलं तशी शेजारची दुकानं बसत गेली. आमचं उभं राहिलं ते दादाच्या टाक्यावर. दोन सुया, एक मेणवलेला दोरा, एकाच भोकातून दोन्हीकडून ओढायचा. असा टाका एके ठिकाणी तुटला तरी शेजारचा सुटत नाही. जाणतं गिऱ्हाईक बॅग हातात घेतली की आधी उलटी करून आतली शिवण बघायचं, मग दादाकडं बघायचं, आणि घासाघीस न करता बॅग बांधायला सांगायचं.

दादा म्हणजे तुळशीराम, थोरला. मधली मी, शेवंता. धाकटा सुदाम. नवऱ्याच्या तेराव्यानंतर सासरच्यांनी मला ट्रंकेसकट बार्शीला आणून सोडलं, तेव्हापासून मी दुकानाच्या वह्या बघत होते. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर बरं. दोघा भावांचं दुकान एक, चूल एक, म्हणून माझं अंथरूण माजघराच्या कोपऱ्यात ठरलेलं होतं. कुणाला विचारावं लागत नव्हतं. चुली दोन झाल्या तर माझं नाव कुठल्या पानावर लिहायचं, हा प्रश्न निघणार होता. मला उत्तराची भीती नव्हती, प्रश्नाची होती. चार माणसांत आपल्याबद्दल ‘हिचं काय करायचं’ असं कुणी विचारलं, की आपला तिथंच पालापाचोळा होतो.

म्हणून त्या कानशीचा आवाज सुरू झाला की माझी वहीतली बेरीज चुकायची.

कारण आमच्या धंद्यात हत्यार कुणी विकत आणत नाही. कातडं कापायची आणि सोलून पातळ करायची पात, तिला आम्ही रापी म्हणतो. दादाची रापी लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेली. भोक पाडायची आरी छत्रीच्या काडीची. टाक्याची खूण उठवायला त्यानं एका खानावळीतला जेवायचा काटा आणून त्याचे दात घासून सारखे केले होते. मुठी बाभळीच्या. ज्याची मूठ त्याच्याच तळव्यावर झिजलेली, त्यामुळं एकाची रापी दुसऱ्यानं उचलली तर ती वाकडी चालते, आणि उचलणाऱ्याला शिव्या बसतात. असा संच माणूस आयुष्यात एकदा करतो. दुसऱ्यांदा करायला घेतला तर लोक कारण विचारत नाहीत. जुना संच धड असेल तर कारण एकच. माणसाला वेगळं बसायचंय.

दादाची जुनी हत्यारं कामाच्या खोलीत भिंतीला लटकत होती. धड, लखलखीत, तेल लावलेली. आणि दादा परसात बसून नवी करत होता. झाली की फडक्यात गुंडाळून स्वतःच्या ट्रंकेत ठेवत होता. एकदा सुदामनं सहज म्हटलं, दाव की रे दादा कसली केलीस, तर दादा नुसता उठून आत गेला.

रंजनाच्या हिशेबात आणखी रकमा होत्या, आणि एकही खोटी नव्हती.

दादा पंगतीला बसेनासा झाला होता. आधी आम्ही सगळे एकत्र जेवायचो. आता भूक नाही म्हणायचा, आणि सगळ्यांचं झाल्यावर पारूवहिनी त्याचं ताट आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घ्यायची. ताट आज वेगळं झालं की उद्या चूल वेगळी होते, असं रंजनाचं म्हणणं. पारूवहिनी, म्हणजे दादाची बायको, जन्माची अबोल. तिला पोरबाळ नव्हतं, आणि मनातलं काढून घ्यायला गेलं तर ती कामाला लागायची. गौरी-गणपतीपासून ती दादाला घेऊन दोनदा सोलापूरला जाऊन आली होती. भाच्याची सोयरीक बघायला, असं सांगून. रंजनानं पारूवहिनीच्या माहेरच्या एका बाईकडून काढून घेतलं, की त्या भाच्याचं लग्न होऊन त्याला लेकरूसुद्धा आहे.

“जागा बघायला गेले होते,” रंजना म्हणाली. “सोलापूरला मोठं दुकान टाकणार. आपण बसायचं इथं माशा मारत.”

“तू नको माशा मारू,” मी म्हटलं. “तुला मेलेल्यांचाही हिशेब लागेल.”

ती हसली नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

आणि सुदामचे हाल तर बघवत नव्हते. सुदाम हाताचा बरा, पण आळसावलेला. शिवणीचं काम दादानं करायचं आणि यानं बारीकसारीक करून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्याची हत्यारंसुद्धा दादानंच करून दिलेली. त्या पितृपक्षात दादानं अचानक त्याला फैलावर घेतलं. एका वकिलाची बॅग आली होती, ती दादानं सुदामपुढं सरकवली. वकील म्हणाला, तुळशीराम, मला तुमच्या हातची पाहिजे. दादा म्हणाला, त्याच्या हातची घ्या, न्हाईतर दुसरं दुकान बघा. वकील वर्षानुवर्षांचा. मी वहीत मान खाली घातली.

सुदामनं पट्टा शिवला, दादानं उसवायला लावला. पुन्हा शिवला, पुन्हा उसवला. मग म्हणाला, तुझी रापीच बोथट झालीय, नवी कर. सुदामनं ती दादापुढं धरली, तर दादानं हात मागं घेतला. स्वतःची स्वतः कर म्हणाला. सुदामनं कधी लोखंडाला कानस लावली नव्हती. भट्टीत पाटा जास्त तापला, पाणी देताना तडकला. दुसरा वाकडा झाला. तिसऱ्याला धार आली, पण मूठ सैल बसली. दादा प्रत्येक खेपेला नुसती मान हलवायचा. तोंडानं सांगायचा, हाताला हात लावायचा नाही. शेवटी जी रापी झाली, तिनं सुदामनं कातड्याची कड सोलली, आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ फीत गुंडाळी होऊन खाली पडली. सुदामनं वर बघितलं. आता शाबासकी देईल, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

दादा म्हणाला, “आता मी नसलो तरी चालंल तुझं.”

त्या संध्याकाळी सुदाम माझ्याजवळ येऊन बसला. एवढा बापई गडी, पण रडवेला झाला होता. “आक्का, मी काय केलं गं त्याचं? जायचंच आसंल तर सरळ सांग म्हणावं. असं हाकलल्यागत का करतोय?”

मी म्हटलं, विचारते. विचारलं मात्र नाही. विचारलं की उत्तर मिळणार, आणि उत्तर मिळालं की माझं अंथरूण गुंडाळायची वेळ येणार. जितके दिवस पुढं ढकलता येतील तितके खरे.

पण नवरात्र काही कुणाला ढकलता येत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आमच्याकडं आदल्या दिवशीच घरातलं झाडून सगळं हत्यार खाली काढायचं, चिंचेच्या कोळानं घासायचं, पुसून तेल लावायचं आणि देव्हाऱ्यापुढं पाटावर मांडायचं. त्या दिवशी एकही हत्यार पेटीत राहू द्यायचं नाही. राहिलं तर ते रुसतं आणि वर्षाच्या आत मालकालाच कापतं, अशी आमच्यात समजूत. त्यामुळं दादालाही ट्रंक उघडणं भाग होतं. घासायचं काम पहिल्यापासून माझं. पारूवहिनीनं फडक्यातलं बोचकं माझ्यापुढं ठेवलं, एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि निघून गेली.

दुपारची वेळ. सुदाम वकिलाची बॅग पोचवायला गेलेला, रंजना झेंडू आणायला. मी परसात घमेल्याशी बसून बोचकं सोडलं.

पहिली रापी बघून म्हटलं, बरी आहे की. मूठ जरा जाड. दुसरीची त्याहून जाड. तिसरीची एवढी, की मला वाटलं दादानं रापीला मुसळ बसवलं. पात मात्र उलट लहान होत गेलेली, हलकी, बोटभर. चौथ्या मुठीवर सुती चिंधी गुंडाळून वर डिंक लावलेला, घसरू नये म्हणून. आऱ्यांचंही तेच. एका आरीला तर लाकडाचा गोळा बसवलेला, मुठीत धरायचा नाही, तळव्यानं नुसता दाबायचा. मी मनात दादाची थट्टा करत होते. सोलापूरला दुकान टाकणार आणि तिथं काय राक्षस ठेवणार का कामाला?

शेवटच्या रापीला मूठ नावालाच होती. तिला चामड्याची रुंद वादी लावली होती, बांगडीसारखी. मी त्यात हात घातला. वादी मनगटावर घट्ट बसली, आणि मी बोटं सैल सोडली तरी रापी तळव्याला चिकटून राहिली. पडली नाही.

मी तशीच बसले. घमेल्यातल्या पाण्यात चिंचेचा फेस जिरत चाललेला मला दिसत होता.

अण्णांची, आमच्या वडिलांची काठी हातातून सुटायला लागली, तेव्हा आईनं काठीला अशीच वादी लावली होती. आधी अंगठा गेला होता, मग बोटं, मग दंड, मग पाय, आणि शेवटी गिळणं. घासाचं पाणी करून मी आणि आई ते चमच्यानं घालायचो, निम्मं बाहेर यायचं. डोळे मात्र शेवटपर्यंत शाबूत, सगळ्यांना ओळखणारे. लोकांना आम्ही लकवा सांगितला. लकवा कुणालाही होतो, त्याला कुणी नाव ठेवत नाही. सुदाम तेव्हा चड्डी सावरत फिरायचा, त्याला आजही लकवाच माहीत.

“काढ ते मनगटातनं.”

दादा कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. मी काढली नाही. म्हटलं, “दादा, मूठ वळव बघू.”

त्यानं उजवा हात पुढं केला. बोटं हलली, वळायला निघाली आणि वाटेतच थांबली. अंगठ्याच्या बुडाशी कारागिराचा जो गड्डा असतो, तिथं खळगा पडला होता. एवढे महिने तो हात माझ्यासमोर वावरत होता, आणि मी ट्रंकेतली हत्यारं मोजत होते.

“कधीपासून?”

“रोहिण्या लागल्या तवा, पावसाच्या तोंडाला, दोरा सुटाया लागला. म्हनलं मूठ बारीक पडतीया, जाड करावी. जाड केली. मग ती बी पुरंना.” तो कडुलिंबाला टेकून खाली बसला. “लोखंडाचाच दोष वाटायचा बघ पयल्यांदा.”

सोलापूरला सोयरीक नव्हती आणि जागाही नव्हती, डॉक्टर होता. त्यानं सुया टोचल्या, ठोके दिले आणि म्हणाला, नसा वाळत चालल्यात, पुण्याला दाखवा. दादा म्हणाला, अण्णांनाही पुण्याला दाखवलं होतं. पुण्यापायी आमची आधीची जागा गेली होती आणि आईच्या अंगावरचं सगळं गेलं होतं. पुण्याहून आणलं काय, तर अण्णांनाच परत.

मी म्हटलं, सुदामला सांगूया. तो असा तसा नाही, पाठीशी उभा राहील.

“त्योच घोर हाय,” दादा म्हणाला. “त्यो उभा राहील. दुकान इकंल, मला पाठंगुळी घेऊन दवाखानं हिंडंल. आन त्याच्या पोरी? एका घरात दुसऱ्यांदा ह्यो आजार निघाला म्हनल्यावर कोन यील दारात? एकदा निघाला तवा लकवा म्हनून खपलं. दोनदा कसं खपंल, शेवंते?”

मग त्यानं सगळं सांगितलं, अगदी नवीन बॅगेची आखणी सांगावी तसं. घरातल्यांना वेगळं व्हायचा संशय आलाच आहे, तो तसाच राहू द्यायचा. दिवाळीच्या आत वाटणी करायची. पारूवहिनीच्या भावाचं कुर्डुवाडीजवळ शेत आहे, तिथं वस्तीवर खोली आहे, तिथं जायचं. भांडून जायचं, म्हणजे कुणी मागं बघायला येणार नाही. संशय ज्यानं घेतला त्याच्यावर तो एका अक्षरानं रागावलेला नव्हता. उलट त्याला तो आयताच कामी आला होता.

“आणि मी?” मी विचारलं. “मी येते तुझ्याबरोबर. वहिनीला एकटीला झेपायचं नाही. अण्णांचं मी केलंय.”

“म्हनूनच तुला कळू द्यायचं नव्हतं,” तो म्हणाला.

बाहेर रंजनाच्या चपला वाजल्या. दादा उठला. उठताना डाव्या हातानं झाड धरलं. मी वादीची रापी चिंचेच्या कोळात बुडवली आणि घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी पूजा. पाटावर अण्णांची हत्यारं, दादाची जुनी, सुदामची, आणि कडेला ती नवी. मी त्यांच्या मुठींवर झेंडूची फुलं जरा जास्तच घातली होती. हळदकुंकू झालं. नारळ फोडायचा मान थोरल्याचा. दादानं नारळाकडं बघितलं आणि म्हणाला, “सुदाम, तू फोड.”

रंजनानं माझ्याकडं बघितलं; तिच्या वहीत शेवटची रक्कम पडली होती. सुदामनं नारळ घेतला नाही. तो दादासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, देवापुढं विचारतो, तुझं मन माझ्याकडनं फिरलंय का?

मला वाटलं, आता दादाला हे जमायचं नाही. मनात म्हटलं, न जमो.

“माझ्या टाक्यावर तुझा परपंच किती दिस वढायचा?” दादा म्हणाला. “मलाबी माझं बघायचंय. दिवाळीच्या आत मोकळा कर मला.”

सुदाम वळला. त्यानं नारळ उचलला आणि असा आपटला, की एक तुकडा उडून देव्हाऱ्यात गेला. माझ्या हातात खडीसाखरेची वाटी होती. ती मी सगळ्यांपुढं धरली आणि सगळ्यांनी घेतली. दादानंही तळवा पुढं केला. मी खडे त्याच्या हातावर ठेवले, ते घरंगळले, आणि पारूवहिनीनं पदर खाली धरून अलगद झेलले. ते फक्त मीच बघितलं.

वाटणीला हरीमामांना बोलावलं. आईचा धाकटा भाऊ, काटेकोर माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटण्या करून स्वतःची करायची राहिलेली. ते कागद, चष्मा आणि तंबाखू घेऊन बसले, दिवसभराची तयारी करून. पण भांडायला काही निघेचना. दादा म्हणाला, दुकान सुदामला राहू द्या, जुनी हत्यारंही राहू द्या, मला माझी नवी पुरेत. मामांनी चष्म्यावरून बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मागणारे भाऊ बघितले होते, सोडणारा नव्हता बघितला. त्यांना जरा फसवल्यासारखंच झालं.

रंजनाला मात्र कोडं पडलं नाही. माझ्या कानाशी लागून म्हणाली, “एवढं सोडतायत म्हणजे आधीच किती काढून ठेवलं असंल बघा.” वह्या माझ्याकडं होत्या. काडीचंही निघालेलं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी तिला म्हटलं, असेल बाई.

भांडीकुंडी झाली. मामांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि तो प्रश्न विचारला.

“शेवंताचं काय करायचं?”

कुणाच्या तोंडाकडं न बघता मी पटकन म्हणाले, “मी दादाकडं जाते.”

एवढे महिने ज्या प्रश्नाला भ्याले, त्याचं उत्तर असं माझ्या तोंडात तयार होतं. पारूवहिनीनं झटकन वर बघितलं. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मला दिसलं. बाईला सोबत पाहिजे होती. ती तोंडानं कधीच मागणार नव्हती. सुदामचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आक्कानंही पारडं बघून उडी मारली.

दादा भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीखाली घेतलेले. माझ्याकडं न बघता मामांना म्हणाला, “मला नको.”

“आरं पण ती म्हणती…”

“ती म्हनंल. सासरनं हाकलली तवापासनं मीच पोसतोय. नवऱ्याला खाऊन आली, आता माझ्या मानंवर जन्मभर बसनार का? माझ्या दारात नको. सुदामला ठिवायची तर ठिवू दे, न्हाईतर तिची ती बघंल.”

मला माहीत होतं हे कशासाठी चाललंय. त्याच्या शब्दागणिक माहीत होतं. तरी ते शब्द जिथं लागायचे तिथं लागलेच. कानाला कुठं कळतं, काय खरं आणि काय खोटं ते. मी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. वळव म्हणावं मूठ सगळ्यांसमोर, आणि मग बोल. दादानं तेवढ्यात माझ्याकडं बघितलं. डोळे अण्णांचे, तंतोतंत. मी तोंड मिटलं.

सुदाम ताडकन उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो दादाला अरे-तुरेच्या पलीकडचं बोलला, ते इथं लिहीत नाही. “आक्का माझ्याकडं राहील,” तो म्हणाला. “मी जिवंत हाय तवर. आन तुझ्या दारात ती काय, माझ्या घरातलं कुत्रंसुद्धा यायचं न्हाई.”

“लई बरं झालं,” दादा म्हणाला.

मामांनी तेवढंही कागदावर लिहून घेतलं.

वसुबारसेला ते निघाले. दारात टांगा आला. सामान थोडंच, एक वळकटी, एक ट्रंक, एक पिशवी. सुदाम कामाच्या खोलीत दार लावून ठोकत बसला होता. काय ठोकत होता कुणास ठाऊक, त्या दिवशी काम कसलंच नव्हतं. पोरी काकाच्या पाया पडायला धावल्या, तर रंजनानं दोघींना दंडाला धरून मागं ओढलं. मी उंबऱ्याच्या आतच उभी होते. भांडलेली माणसं जिथं उभी राहतात तिथं.

पारूवहिनी आधी चढली. मग दादाला वर घेताना तिनं त्याच्या काखेत हात घातला. टांगेवाला वळून बघायला लागला तशी ती त्याच्यावरच खेकसली, की घोडं नीट धर, हलतंय किती ते. त्या बाईचा चढलेला आवाज मी आयुष्यात तेवढाच ऐकला. आश्विनातलं ऊन कडकडीत पडलं होतं, आणि दादानं खांद्यापासून घोंगडी लपेटून घेतली होती.

टांगा हलला. दादा पाठमोरा नव्हता, आमच्याकडं तोंड करून मागच्या बाजूला बसला होता. पेठ सरळ आहे, बराच वेळ माणूस दिसत राहतं. दुकानं उघडत होती. ओळखीपाळखीचे हात वर करून विचारत होते, काय तुळशीराम, कुठं? तो कुणाला मानेनंही उत्तर देत नव्हता. आमच्याकडं बघत होता. मी पदराआड हात जरासा वर केला. रंजनाला दिसू नये एवढाच. तो बघत राहिला. घोंगडी हलली नाही. तेली आळीच्या तोंडाशी टांगा वळला.

“बघितलंत आक्का?” रंजना म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले. शेवटी तीही या घरात लहानाची मोठी झाल्यासारखीच होती. “एवढ्या वर्षांचं घर. निघताना हातसुद्धा हलवला नाही माणसानं.”

आतलं ठोकणं थांबलं होतं. सुदाम दाराशी येऊन ऐकत होता, हे मला न बघताच कळलं.

“हो ना,” मी म्हणाले. “पहिल्यापासून तसाच आहे तो.”